आभाराला उत्तर देण्याची रीत

मृगाचा पाऊस पडून गेला आहे, वापसा आला आहे आणि नेमक्या त्याच वेळी शेजाऱ्याच्या जोडीतला एक बैल बसतो. आपण आपली जोडी दोन दिवस त्याच्या वावरात पाठवतो आणि त्याची पेरणी साधते. पुढे पारावर गाठ पडल्यावर तो म्हणतो, "भाऊ, तुम्ही होते म्हणून साधलं, नाही तर यंदा वावर पडीतच राहिलं असतं." जोडी देताना क्षणभरही न अडखळलेला माणूस इथे मात्र अडखळतो. तो जमिनीकडे पाहतो, "त्यात काय बाप्पा" असे काहीतरी पुटपुटतो आणि लगेच आभाळाचा विषय काढतो. आभार मानावेत हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. आपले आभार कोणी मानले तर ते घ्यावेत कसे, हे मात्र ना घरी कोणी सांगते ना शाळेत.

ही गोष्ट दिसते त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे, कारण आभाराच्या एका वाक्यातून समोरचा माणूस एकाच वेळी बरेच काही सांगत असतो. आपल्यावर या माणसाचे ओझे आहे, हे तो कबूल करतो. ते कबूल करताना तो चार लोकांसमोर स्वतःला थोडा खाली ठेवतो. शिवाय आपण एकमेकांचे कोण, घरचे की नुसतेच ओळखीचे, याचीही तो नकळत चाचपणी करत असतो. उत्तर या सगळ्यालाच लागू पडते. "त्यात काय" म्हटल्याने ओझे हलके होते, पण ज्या पेरणीवर त्याचे सारे वर्ष अवलंबून होते ती आपल्या लेखी किरकोळ होती, असाही अर्थ त्यातून निघतो. "पुढल्या वेळी तुम्ही आमच्या कामी पडा" असे म्हटल्यास बरोबरी होते, परंतु दिलेली मदत मदत न राहता उसनवारी होऊन बसते. म्हणूनच सर्व ठिकाणी चालेल असे एकच साचेबंद उत्तर शोधण्यात अर्थ नाही, आणि शिष्टाचाराच्या पुस्तकी सूचना गावात आल्यावर बहुधा याच कारणाने अवघडल्यासारख्या वाटतात.

याला आणखी एक बाजू आहे. रोजच्या व्यवहारात आपण एकमेकांचे आभार शब्दांनी क्वचितच मानतो. २०१८ मध्ये 'रॉयल सोसायटी ओपन सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच खंडांतील आठ भाषा बोलणाऱ्या लोकांचे घरगुती आणि शेजारपाजारचे बोलणे अभ्यासकांनी चित्रित करून तपासले होते. मीठ दे, दोरी धर, जरा सरक, अशा लहानसहान मागण्या पुऱ्या झाल्यावर साधारण वीसपैकी एकाच वेळी आभाराचा शब्द उच्चारला गेला होता. इंग्रजी आणि इटालियन भाषकांत हे प्रमाण सातात एक इतके होते, तर इक्वेडोरमधील चापाला या भाषेच्या नोंदींत असा एकही प्रसंग आढळला नाही. तरीही मदत सगळीकडे सर्रास केली जात होती. मराठीचा त्या आठ भाषांत समावेश नव्हता, परंतु ज्याने आपल्या भागात इर्जिक पाहिली आहे त्याला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. इर्जिकीला दहा घरचे लोक आपापली अवजारे घेऊन एकाच्या वावरात उतरतात, ज्याचे वावर तो सगळ्यांच्या जेवणाची सोय करतो, आणि संध्याकाळी कोणीही कोणाचे आभार न मानता घरी जातो. जेवणच तिथे बोलायचे ते बोलून टाकते.

जिथे बोलून आभार मानण्याची फारशी चाल नाही तिथे एखादा माणूस मुद्दाम थांबून, नजरेला नजर देऊन आभार मानतो, तेव्हा त्याने त्यासाठी मनाची तयारी केलेली असते, हे उत्तर देणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्येच प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली आणि पत्र मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. वाचणारा अवघडून जाईल, अशी भीती लिहिणाऱ्यांना होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना अवघडलेपण त्यांच्या अंदाजापेक्षा कमी आणि आनंद अधिक वाटला. थोडक्यात, आभार मानणारा मुळातच थोडा धास्तावलेला असतो. अशा माणसाचे वाक्य पुरे होण्याआधीच "राहू द्या, राहू द्या" म्हणून तोडले, तर त्याची धास्ती खरी ठरते.

म्हणून पहिली रीत एवढीच की आधी ऐकून घ्यावे. हातातले काम क्षणभर थांबवावे, वाक्य पुरे होऊ द्यावे आणि मान हलवून का होईना, ते आपल्यापर्यंत पोचले असे दाखवावे. त्यानंतर काय बोलावे याविषयी माझे मत असे आहे की, आपल्या मदतीबद्दल बोलण्याऐवजी त्याच्या कामाबद्दल बोलावे. "साधली ना पेरणी? बरं झालं. उगवण कशी आहे?" या उत्तरात आभार स्वीकारले गेले आहेत, उपकाराची भाषा आलेली नाही आणि बोलणे ज्याचे वावर त्याच्याकडे परत गेले आहे. लेकीला दवाखान्यात पोचवण्यासाठी आपण रात्री गाडी काढली असेल, तर "आता तिचा ताप कसा आहे?" हेच उत्तम उत्तर ठरते. आनंद झाल्याचे सरळ सांगणेही चालते. "माझ्या हातून झालं याचं मलाही बरं वाटलं" असे म्हणण्यात कोणताही गर्व नाही, पण आपल्याकडची माणसे असे म्हणायला उगीच कचरतात.

याउलट, "मी काहीच केलं नाही" हे वाक्य नम्र दिसत असले तरी ते बहुतेक वेळा खोटे असते, आणि ते खोटे आहे हे दोघांनाही ठाऊक असते. एकदा म्हटले तर ती रीत म्हणून खपून जाते. दोनदा, तीनदा म्हटले की समोरच्याला आपले आभार पटवून देण्याची पाळी येते आणि जो हलका व्हायला आला होता तो वाद घालत बसतो. आभाराच्या बदल्यात त्याहून लांब आभार सुरू करणेही असेच दमवणारे असते. सर्वांत वाईट म्हणजे त्याच वेळी खर्च मोजून दाखवणे ("डिझेल किती लागलं माहीत आहे काय?") किंवा उपदेश करणे ("तो बैल मागल्या बाजारातच विकायला पाहिजे होता"). उपदेश खरा असला तरी तो चार दिवसांनी करता येतो. श्रेय मात्र जरूर वाटून द्यावे, पण ते खरोखर दुसऱ्याचे असेल तरच. गाडी आपली असली आणि रात्रभर ती शेजारच्या पोराने चालवली असली, तर त्याचे नाव घेणे हा नम्रतेचा नव्हे, खरेपणाचा भाग आहे.

आभार नीट घेतल्याने घेणाऱ्याचेही काहीतरी होते. ॲडम ग्रँट आणि फ्रांचेस्का जिनो यांच्या २०१० च्या प्रयोगात सहभागी लोकांनी एका विद्यार्थ्याच्या नोकरीच्या अर्जासोबतच्या पत्रावर सूचना लिहून दिल्या. नंतर त्याने आणखी एका पत्रासाठी मदत मागितली. ज्यांना त्याने नुसती पोच दिली होती त्यांच्यापैकी ३२ टक्के लोकांनी पुन्हा मदत केली, तर ज्यांचे त्याने मनापासून आभार मानले होते त्यांच्यापैकी ६६ टक्के लोकांनी केली. संशोधकांच्या मते यामागचे कारण आपली किंमत कोणाला तरी आहे ही जाणीव होते, आपण फार हुशार आहोत हा समज नव्हे. ही जाणीव आत येण्यासाठी दार मात्र उघडे ठेवावे लागते.

इथवर सांगितले ते बरोबरीच्या माणसांविषयी. जिथे बरोबरी नाही तिथे अधिक जपून बोलावे लागते, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. सवंगणीला, म्हणजे पीक कापायला, आलेल्या मजुराने ठरलेली मजुरी हातात पडल्यावर हात जोडले, तर "असू दे, असू दे" म्हणून ते आभार ठेवून घेणे योग्य नाही. ती रक्कम त्याच्या घामाची आहे. तिथे "तुमच्या कामाचेच आहेत" एवढेच सांगावे आणि जमल्यास काम चांगले झाल्याचे आवर्जून सांगावे. उचल देताना तर आणखी काळजी घ्यावी लागते. अडचणीच्या वेळी पैसे दिले म्हणून आभार मानणाऱ्या माणसाला मालकाने "आपलेच घर समजा" असे म्हटले आणि पुढच्या हंगामात त्याच आपलेपणाच्या नावाखाली कमी मजुरीत कामाला बोलावले, तर ते गोड उत्तर दोरखंडासारखे आवळत जाते. अशा जागी कोरडे, पण स्पष्ट उत्तर अधिक सभ्य असते: पैसे किती, ते कसे फिटतील आणि त्यापलीकडे काहीही देणे नाही.

हीच गोष्ट सरकारी टेबलाची. फेरफाराची नोंद झाली म्हणून शेतकरी तलाठ्यासमोर पेढ्यांचा पुडा ठेवतो, यात बऱ्याचदा निखळ आनंद असतो. तरीही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी शासकीय कर्मचाऱ्याने भेटवस्तू घेण्यावर बंधने घातलेली आहेत. "काम आधीच झाले होते, हे नंतर दिले" असे म्हटल्याने भेट आपोआप निर्दोष ठरत नाही. पण नियम सांगून पुडा मागे सारला तर माणूस अपमान घेऊन घरी जातो. अशा वेळी त्यातला एक पेढा त्याच्यासमोर तोंडात टाकावा, बाकीचे बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्यांना त्याच्याच हाताने वाटायला लावावेत आणि "हे तुमच्या हक्काचं काम होतं" असे सांगावे. पाकीट असेल तर मात्र हात लावू नये. तिथे गोड बोलण्याचा प्रश्नच येत नाही.

गावात आभार शब्दांपेक्षा वस्तूंच्या रूपाने अधिक येतात. पावसाळ्यात आजारपणात केलेल्या मदतीचे आभार हिवाळ्यात येतात: कधी तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी, कधी ज्वारीचा हुरडा, वरूड-मोर्शीकडचा माणूस असेल तर संत्री. देणारा त्या वेळी जुन्या मदतीचा उल्लेखही करत नाही. "वावरातलं आहे, म्हटलं थोडं द्यावं" असे म्हणतो. इथे उत्तर देणाऱ्याने ती जुनी गोष्ट उकरून काढू नये आणि "कशाला आणलं?" हे एकदाच म्हणून वस्तू आत न्यावी. वस्तू घरासमोर ठेवून "परत न्या" अशी ओढाताण करणे म्हणजे त्याचे देणे फिटू न देणे होय, आणि ज्याचे देणे कधीच फिटू दिले जात नाही तो माणूस हळूहळू आपल्याला टाळू लागतो.

डब्याची रीत तर सगळ्या घरांना ठाऊक असते. पुरणपोळ्या भरून आलेला डबा रिकामा परत जात नाही. त्यातली बारकी गोष्ट अशी की परत पाठवायची वस्तू आलेल्या वस्तूपेक्षा हलकी असावी आणि ती लगेच जाऊ नये. सकाळी पुरणपोळ्या आल्या आणि दुपारी त्याच डब्यातून तेवढेच भारी पक्वान्न परत गेले, तर तो हिशेब वाटतो. दोन-चार दिवसांनी मूठभर सांडगे, घरचा सांबार (कोथिंबीर) किंवा काहीच नसले तर साखरेची चिमूट गेली, की नाते चालू राहते. ज्या घरात सध्या ओढगस्त आहे त्या घरचा डबा मात्र उशिरापर्यंत ठेवू नये, कारण त्या घरात भांडीही मोजकीच असतात.

पाया पडणे हेही आभारच असतात, आणि त्याचे उत्तर आशीर्वाद. नोकरी लागल्यावर मुलगा पाया पडतो तेव्हा "सुखी राहा" म्हणून डोक्यावर हात ठेवावा. त्याला अर्ध्यातच धरून उचलण्याची हल्ली जी पद्धत पडली आहे ती वयाने थोड्या मोठ्या माणसांना शोभते, आजोबांना शोभत नाही. विदर्भातील अनेक घरांत भाचा-भाची आणि जावई यांना मानाचे समजतात आणि मामाच त्यांच्या पाया पडतो. अशा घरात शिक्षणाचा खर्च केला म्हणून भाची मामाच्या पायांकडे वाकू लागली, तर मामा मागे सरकतो. ते तिचे आभार नाकारणे नसते, हे बाहेरून आलेल्यांनी समजून घ्यावे. त्याऐवजी मामा तिच्या हातावर नोट ठेवतो आणि प्रसंग तिथेच पुरा होतो. काही माणसांचे उत्तर याहूनही वेगळे असते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की हातात खराटा घेऊन गाव झाडत, रात्री कीर्तन करत, पण लोकांना पाया पडू देत नसत. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळा, शाळा आणि गोरक्षण यांसाठी वळवला. स्वतःसाठी आलेली कृतज्ञता तिसऱ्याच गरजूकडे पाठवणे हे उत्तर फार मोठ्या माणसालाच जमते असे नाही. "मला काही नको, पुढल्या वर्षी तुमच्या शेजारच्या पोरीला शाळेत सोडून येत जा" असे कोणीही म्हणू शकतो.

आभार मानून झाल्यावर माणूस ज्या शब्दाने निरोप घेतो, त्याच शब्दाने उत्तर द्यावे. तो "जय भीम" म्हणाला तर "जय भीम", "जय गुरुदेव" म्हणाला तर "जय गुरुदेव", गोंडी घरचा माणूस "जय सेवा" म्हणाला तर "जय सेवा". मनापासून आलेल्या आभारानंतर मुद्दाम दुसराच शब्द वापरून उत्तर देणे, हे आधीचे सगळे चांगले बोलणे पुसून टाकते.

व्यासपीठावरून होणाऱ्या आभारप्रदर्शनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नाव घेतले गेले की बसल्या जागी उभे राहून हात जोडावेत आणि बसावे. शाल-श्रीफळ मिळाले असेल तर घरी जाईपर्यंत ते खुर्चीखाली ठेवू नये. आभार मानणाऱ्याच्या हातून आपले नाव राहिले, तर ते कोणाकडूनही सुचवू नये. मंडप, माईक आणि स्वयंपाकाच्या माणसांची नावे राहिली असतील तर मात्र जरूर सुचवावीत.

दुःखाच्या घरातील आभार हा वेगळाच प्रकार आहे. तेरवीला घरचा कर्ता माणूस आलेल्यांना हात जोडून म्हणतो, "तुम्ही सगळे धावून आले." याला बोलून उत्तर देण्याचा प्रयत्न करू नये. "कधीही सांगा" हेही त्या वेळी पोकळ वाटते, कारण सांगण्याचे काम आपण त्याच्यावरच ढकलतो. हात हातात घ्यावा, आणि काही करायचेच असेल तर ते नेमके करावे: मंगळवारी बाजाराला जाताना त्याच्या घरी विचारून जावे, किंवा त्याच्या जनावरांचे चारापाणी दोन दिवस सांभाळावे. वर्तमानपत्रात आलेल्या ऋणनिर्देशाला कोणीही उत्तर देत नाही, आणि देऊही नये.

आता लेखी आभारांचे. आभाराच्या पत्राबद्दल पुन्हा आभाराचे पत्र लिहू नये, हा संकेत जुना आहे आणि तो योग्यही आहे, नाहीतर या व्यवहाराला शेवटच राहणार नाही. तथापि पत्रात काही विचारले असेल, नवी बातमी कळवली असेल किंवा ते फार वर्षांनी आलेले असेल, तर उत्तर द्यायलाच हवे. निवृत्त शिक्षकांना आता असे निरोप व्हॉट्सॲपवर येतात आणि त्यांतील बरेच जण अंगठ्याचे चिन्ह पाठवून मोकळे होतात. गावातल्या गटावर सामायिक आभार टाकले असतील तर ते चिन्ह पुरेसे आहे, किंबहुना तिथे शंभर जणांनी शंभर उत्तरे न दिलेलीच बरी. पण जुन्या विद्यार्थिनीने परिचारिकेची नोकरी लागल्याचे स्वतंत्रपणे कळवले असेल, तर उत्तर साधारण असे असावे:

"चि. बाळ, तुझा निरोप वाचला आणि फार आनंद झाला. नववीत तू बीजगणिताला घाबरायचीस आणि सुटी झाल्यावरही वर्गात बसून उदाहरणे सोडवायचीस, ते मला आठवते. मी फळ्यापाशी थांबलो ते खरे, पण थांबावेसे वाटावे असे कष्ट तुझे होते. दिवाळीत गावी येशील तेव्हा घरी ये. दवाखान्यातली रात्रपाळी झेपते का, ते कळव."

या पाच-सहा ओळींत पोच आहे, एक नेमकी आठवण आहे, आपला वाटा नाकारलेला नाही आणि फुगवलेलाही नाही. शेवटी प्रश्न असल्याने बोलणे तिच्या आताच्या आयुष्याकडे वळते. असे उत्तर त्याच दिवशी गेले तर उत्तम, आठवड्याने गेले तरी चालते. महिना उलटून गेला असेल तर उशिराची लांब कारणे लिहू नयेत. एका वाक्यात दिलगिरी सांगावी आणि फळ्याच्या आठवणीपासून सरळ सुरुवात करावी. ज्यांना मोबाइलवर लिहिणे अवघड जाते त्यांनी नातवाकडून लिहून घेण्याऐवजी सरळ फोन लावावा, फक्त त्या विद्यार्थिनीची कामाची पाळी संपण्याची वेळ आधी विचारून घ्यावी.